बाबांचा डोळा आणि माझं गॅडोलिनियम

समस्त वाचकांस, माझ्या आजीमाजी विद्यार्थ्यांस, चेरीतालातल्या शेजाऱ्यांस, आणि "मॅडम, एवढी विषारी रसायनं हाताळता, भीती नाही का वाटत?" असं विचारून उत्तर ऐकायला कधीही न थांबलेल्या सर्व पाहुण्यांस याद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका भित्री आहे. ही बाब आजवर गुप्त ठेवण्यात आली होती. तिचा खुलासा आज कुटुंबाच्या पूर्वपरवानगीशिवाय करण्यात येत असून याबाबत कोणाचीही हरकत ऐकून घेतली जाणार नाही.

झाली घोषणा. आता जरा सैल बसते आणि सांगते.

मी जबलपुरात रसायनशास्त्र शिकवते. वर्गात फळ्यापुढे हातवारे करत मी जे नाट्य करते, ते पाहून मुलांना वाटतं की ही बाई कशालाच घाबरत नसावी. पण माझं खरं काम वर्गाबाहेरचं आहे, आणि ते सगळंच्या सगळं भीतीवर उभं आहे. एमआरआय करताना रोग्याच्या शिरेतून एक औषध देतात, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. मी त्याचे नवे रेणू बनवते. म्हणजे बनवायचा प्रयत्न करते. रेणू बहुतेक वेळा माझंच काहीतरी बनवतात.

एमआरआयचं यंत्र हे मुळात शरीरातल्या पाण्याचं चित्र काढतं. गॅडोलिनियम नावाचा धातू जवळपास असला की तिथलं पाणी चित्रात उजळून दिसतं. अडचण एवढीच की हा धातू मोकळा सुटला तर विष. म्हणून त्याला एका रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून शरीरात पाठवतात. आठ हातांनी धातूला घट्ट धरायचं आणि एक जागा रिकामी ठेवायची, पाण्याला येऊन टेकायला. पाणी येतं, टेकतं, उजळतं, निघून जातं. धातू मात्र पिंजऱ्यातच, आणि काम संपलं की पिंजऱ्यासकट मूत्रपिंडातून बाहेर.

बाजारात मिळणारा कॉन्ट्रास्ट वरातीतल्या गॅसबत्तीसारखा आहे. जाईल तिथे उजेड. मला हवा आहे तो लबाड रेणू. अंधारात गुपचूप हिंडणारा, आणि नेमकी एक गोष्ट भेटली तरच पेटणारा. आमच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे जस्त. काही आजारांत शरीरातल्या जस्ताचा हिशेब बिघडतो, तो कुठे बिघडला ते बाहेरून दिसावं, अशी माझी महत्त्वाकांक्षा. त्यासाठी आम्ही पिंजऱ्याला एक जास्तीचा हात जोडला. हा हात पाण्याच्या रिकाम्या जागेवर झाकणासारखा पडून राहतो. जस्त जवळ आलं की तिकडे धावतो, जागा उघडी पडते, पाणी आत शिरतं, आणि उजेड!

कागदावर.

प्रत्यक्षात झाकण सैल ठेवावं तर पिंजराच सैल पडतो. पिंजरा आवळावा तर झाकण जागचं हलत नाही. वर्षानुवर्षं मी या दोन्हींच्या मधे लोंबकळते आहे. पिंजरा सैल झाला का, ते पाहायला आम्ही पिवळ्या रंगाचं एक द्रावण वापरतो. त्यात रेणू टाकायचा आणि बघत बसायचं. पिवळं पिवळंच राहिलं तर देवाची कृपा. त्यात जांभळी झाक आली की समजायचं, धातू सुटला. ती जांभळी झाक मी इतक्या वेळा पाहिली आहे की सणासुदीला कोणी त्या रंगाची साडी दिली तर मी ती नेसत नाही. आईला वाटतं मला रंगांची जाण नाही.

तर मोकळा सुटलेला धातू, हे माझं भय. दुसऱ्या कुणाचं झुरळ असतं, माझं हे आहे.

रेणू खरोखर उजळतो का, हे बघायला एमआरआयचं यंत्र लागतं, आणि ते माझ्या खात्याला कोण देणार? शहरातल्या एका खाजगी तपासणी केंद्राचे डॉक्टर भले. रविवारी सकाळी, रोगी नसताना, ते मला यंत्र वापरू देतात. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यातून मी प्लॅस्टिकची भोकं असलेली पट्टी करवून घेतली आहे. तिच्यात बारीक नळ्या उभ्या करायच्या, डबा यंत्रात सरकवायचा. तिथली तंत्रज्ञ बाई, जिला सगळे दीदी म्हणतात, माझ्या त्या डब्याला "मैडम की इडली" म्हणते. "आज इडली फूली कि नहीं, मैडम?" हा तिचा दर रविवारचा प्रश्न. बहुधा फुगलेली नसते.

अशा त्या ओळखीच्या केंद्रात एका साध्या सोमवारी मी इडली न घेता गेले. बाबांना घेऊन.

बाबा ऐंशीच्या घरातले. इथल्याच एका संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले. नोकरीचा सगळा काळ ग्राइंडिंगच्या यंत्रापुढे गेला. डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच नेला. उरला उजवा. मोतीबिंदू काढल्यापासून त्या एका डोळ्यावर त्यांचा संसार चालतो. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतात. आईच्या सुईत दोरा तेच ओवून देतात, आणि ओवून देताना दर वेळी "दोन डोळ्यांचे लोक बसून राहिले, अन् काम एकाच डोळ्याला" असं ऐकवतात. तो डोळा गेला तर बाबा जिवंत राहतील, पण मग घरात कोण उरेल, याचा विचार मी कधी शेवटापर्यंत नेलेला नाही.

त्यांच्या पोटाच्या सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, साधाही असेल, नसेलही. कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करून घ्या.

कॉन्ट्रास्ट!

त्या शब्दानं मला जे झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघरातल्या माणसाला बाहेरचं खाताना भीती वाटते, तसंच हे. ज्याला आतलं माहीत, तो घाबरतो. बाबांच्या मूत्रपिंडाचा अहवाल जेमतेम. म्हणजे पिंजरा शरीरात जास्त वेळ रेंगाळणार. रेंगाळला तर सुटेल का? मी रात्रभर जांभळी स्वप्नं पाहिली.

सोमवारी केंद्रात पोचल्यावर मी डॉक्टरांना गाठलं आणि उलटतपासणी सुरू केली. तुमचा पिंजरा गोल आहे की उघडा? गोल पिंजरा धातूला जास्त घट्ट धरतो, म्हणून विचारत होते. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "गोल वाला ही है मैडम, आप ही ने तो बोला था पिछले साल." मग मी मात्रा विचारली. मग बाटली बघायला मागितली. बाटली उजेडात धरून मी तिच्याकडे अशी बघत होते की जणू एखादा अणू हात हलवून मला खूण करणार आहे.

"वास घेऊन पाहतेस का?" बाबा मागून म्हणाले. "काहून त्या बिचाऱ्याला छळून राहिली? चलो, होऊन जाऊ दे."

"बाबा, तुम्हाला कळत नाही."

"अच्छा, मला नाही कळत. माझ्या पोटात जाऊन राहिलं, अन् मलाच नाही कळत."

याच वेळी, माझी नजर बाटलीवर असताना, बाजूला दीदी बाबांना ठरलेले प्रश्न विचारत होती. ते मला ऐकू येत होते. म्हणजे कानांवर पडत होते.

"दादाजी, पेसमेकर लगा है?"

"नहीं."

"शरीर में कोई रॉड, प्लेट?"

"नहीं."

"कभी आँख में लोहे का कण गया? छर्रा, बुरादा कुछ?"

यावर बाबा खुर्चीत ताठ झाले. पाठ सरळ, हात मांड्यांवर, हनुवटी वर. आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कभी नहीं, साब!"

दीदी हसली. "साब नहीं दादाजी, दीदी."

मीही हसले. ते हसणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

बाबांनी घड्याळ, चष्मा, पट्टा, आतल्या खिशातली नाणी सगळं सोबत आलेल्या आईच्या ओंजळीत दिलं. हातात सुई टोचून नळी बसवली गेली, कॉन्ट्रास्ट नंतर, अर्ध्यावर द्यायचा होता. दीदीनं त्यांच्या कानात बोळे घातले, वर हेडफोन चढवला, डोळे मिटून पडायला सांगितलं. डोक्याकडून टेबल आत सरकलं. जाड दार बंद झालं. मी आणि आई बाहेरच्या बाकावर.

शेजारी सिहोऱ्याहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांच्या आजींचा नंबर आमच्यानंतर. ते कागदात गुंडाळलेल्या पुऱ्या खात होते आणि आजींना उपाशी ठेवल्याबद्दल सगळे मिळून आजींचीच समजूत काढत होते. आत ठकठक सुरू झाली. भिंतीतून येणारा तो आवाज मला रविवारी गोड वाटतो. सोमवारी तो दारावर कुणी हातोडा घालतंय असा वाटला.

"काहून हात चोळून राहिली?" आई म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. पिंजरा, आठ हात, सुटलेला धातू. आईला मी हे आयुष्यात पहिल्यांदा नीट समजावलं असेन. भीती वाटली की मी फार छान शिकवते. आई लक्ष देऊन ऐकत होती, मधे मान डोलवत होती. मी म्हणाले, "एवढासा धातू असतो आई, डोळ्यालाही दिसत नाही. पण नको तिथे जाऊन बसला तर..."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "यांच्या डोळ्यात नाही का बसून राहिला, इतकी वर्षं झाली."

मी म्हणाले, "काय बसून राहिला?"

"कण. ग्राइंडिंगचा. तू लहान होती."

"काढला ना?"

"थोडा निघाला. थोडा आहे आत. मोतीबिंदूच्या वेळी त्या डॉक्टरनं पाहिला होता ना. म्हणे जुना आहे, डोळ्याच्या मागच्या भिंतीत रुतून बसला आहे, काही करून नाही राहिला, हात नका लावू."

"कोणत्या डोळ्यात?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की कॉलेजात शिकवणारी पोर एवढंही कसं विचारते. "उजव्या. डाव्यात कशाला पाहिलं असतं त्या डॉक्टरनं, मोतीबिंदू उजव्याचा होता ना."

मला उठता आलं नाही. ठकठक चालूच होती. भिंतीपलीकडे एक चुंबक होतं, जे पोलादाची खुर्ची दारातून खेचून नेऊ शकतं, आणि त्या चुंबकाच्या पोटात माझ्या बापाचं डोकं होतं, आणि त्या डोक्यातल्या एकुलत्या एका डोळ्यात लोखंडाचा कण होता.

"मला काहून नाही सांगितलं?" मी ओरडले असेन, कारण सिहोऱ्याच्या कुटुंबाच्या पुऱ्या हवेत थांबल्या.

"मोतीबिंदूच्या वेळी तू पुण्यात होती. घाबरली असती उगाच."

"पण आत्ता! आत्ता त्यांनी दीदीला सांगितलं, कभी नहीं!"

"हो मग," आई म्हणाली, "तेच सांगतात ते लोक. त्यांच्या सेक्शनमध्ये बोर्ड होता ना भिंतीवर, किती दिवस अपघात नाही झाला त्याचा. एकाच्या डोळ्यात कचरा गेला म्हणून सगळ्यांचा बोर्ड शून्यावर आणायचा का? सगळ्यांच्याच डोळ्यात जायचं. त्यांच्यातलाच एक जण रुमालाच्या टोकानं काढून द्यायचा. अन् साहेबानं विचारलं की सगळ्यांचं एकच, कभी नहीं साब. वर्ष भरलं की लाडू वाटायचे. तू खाल्ले ना ते लाडू?"

खाल्ले होते. बुंदीचे.

आता मी धावले. दाराकडे नाही, दीदीच्या खोलीकडे, जिथून ती काचेतून यंत्र बघते. काय बोलले ते आठवत नाही. मी मराठीत बोलत होते असं ती नंतर म्हणाली, आणि मधेच आलेला एकच हिंदी शब्द तिला कळला, आँख. तिचा हात बटणावर गेला. ठकठक थांबली.

मागोमाग आई आली. शांतता ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. "चला, बंद झालं."

"नाही झालं आई. आवाज बंद झाला. चुंबक चालूच असतं."

"मग बंद कर म्हण ना तिला!"

"होत नाही ते असं बंद."

आईचा चेहरा त्या वेळी बदलला. तोवर ती माझ्या भीतीला सांभाळत होती, आता तिला स्वतःची मिळाली. काचेतून फक्त बाबांचे तळवे दिसत होते, पांढऱ्या मोज्यांतले. आई त्या मोज्यांकडे बघत राहिली.

डॉक्टर आले. त्यांनी आईला तीन-चार छोटे प्रश्न विचारले, आवाज न चढवता, आणि तेच मला फार भयंकर वाटलं. मग म्हणाले की ओढ सगळ्यांत जास्त बोगद्याच्या तोंडाशी असते. तिथून डोकं भरकन नेलं, किंवा तिथे मान वळली, तर कण हलण्याची भीती जास्त. तेव्हा टेबल अगदी सावकाश बाहेर आणायचं, आणि दादाजींनी मान तसूभर हलवायची नाही.

हे मला माहीत होतं. दर रविवारी मी ज्या तोंडातून माझा इडलीचा डबा आत सरकवते, त्या तोंडाची ओढ कागदावर काढून मी मुलांना शिकवलेली आहे. आणि म्हणूनच मला पुढचंही कळत होतं, जे डॉक्टर आईसमोर बोलले नाहीत. आत जाताना बाबा त्या तोंडातून एकदा गेलेच होते. जे व्हायचं ते कदाचित मघाशीच होऊन गेलं असेल. मिटलेल्या पापणीआड रक्त साकळलं असेल आणि बाबांना वाटत असेल, डोळे मिटल्यामुळेच अंधार आहे.

"दादाजी किसकी सुनते हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणाचीच नाही," आई म्हणाली.

दीदीनं माइक माझ्यापुढे सरकवला. मी, जी सभागृहात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, त्या माझा आवाज उंदरासारखा निघाला.

"बाबा, मी बोलते आहे. डोळे मिटलेलेच ठेवा. मान हलवू नका. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

आतून आवाज आला, "झालं का?"

"नाही झालं. हलू नका."

"मग काहून थांबलं?"

"बाबा, तुम्हाला आईची शप्पथ, बोलू पण नका!"

यानंतर आतून काहीच आलं नाही. शपथ पाळणारे बाबा मी कधी पाहिले नव्हते.

बाहेर येताना कुणीतरी डोकं धरून ठेवायला हवं, ओळखीचं, म्हणजे दचकून ते मान वळवणार नाहीत. दीदी माझ्याकडे वळली. "मैडम, पिन निकालिए. सब निकालिए."

आता एक सत्य सांगते. प्राध्यापिकेची साडी ही साडी नसते, सेफ्टी पिनांनी जोडलेला एक प्रकल्प असतो. खांद्यावर, निऱ्यांत, पदराच्या आत. शिवाय केसांत काटे, गळ्यात मंगळसूत्र, ब्लाउजला हूक. मी एकेक काढत गेले आणि आईच्या ओंजळीत टाकत गेले. तिथे आधीच बाबांचं घड्याळ होतं. पिना संपल्या तशी साडीही संपली. दीदीनं रोग्यांचा एक हिरवा गाऊन माझ्या अंगावर फेकला, तो मी पडद्यामागे कसातरी चढवला. नाडी कुठे आहे तेच सापडेना. ओंजळीतलं सगळं क्षणभर बाजूला ठेवून आईनं ती शोधून बांधली. बांधताना तिनं फक्त एवढंच म्हटलं, "सुई मीच ओवत जाईन यापुढे."

मी आत गेले. त्या खोलीत मी कितीतरी वेळा गेले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती खोली थंड आहे हे कळलं. चुंबक दिसत नाही, वाजत नाही, हाताला लागत नाही. रविवारी मला त्याची ही सभ्यता आवडते.

दीदीनं टेबल हलवलं. थांबवलं. पुन्हा हलवलं. आधी बाबांची छाती आली, वर-खाली होणारी. मग गळा. मग हनुवटी, दोन दिवसांच्या दाढीच्या खुंटांची. मी दोन्ही तळवे पुढे करून उभी होते. कानशिलं माझ्या हातांत आली तेव्हा मी ती धरली. किती घट्ट धरू कळेना. सैल धरलं तर मान वळेल, आवळलं तर ते चमकतील. आयुष्यभर हाच प्रश्न रेणूला विचारत आले होते, आणि तेव्हा मला तो कधी इतका वैयक्तिक वाटला नव्हता. त्यांच्या कानशिलावरची शीर माझ्या बोटाखाली उडत होती. डोकं तोंडाशी आलं, आणि तिथून पुढे येण्यात जो वेळ गेला, त्यात मी श्वास घेतला नाही. बाबांचे मात्र मोजले.

आलं. डोकं बाहेर आलं.

टेबल चाकांचं होतं. तसंच, हातांत डोकं धरून, आम्ही ते खोलीबाहेर आणलं. जाड दार मागे बंद झालं. दीदीनं हेडफोन काढला, बोळे काढले. आता उघडायला हरकत नव्हती. डॉक्टर मला खुणावत होते, सांगा.

मी सांगितलं नाही.

जोवर डोळा मिटलेला आहे, तोवर तो चांगला आहे. माझं एवढं शिक्षण त्या क्षणी या एका वाक्यापाशी येऊन बसलं होतं. पिवळं पिवळंच आहे, कारण मी अजून बघितलेलं नाही.

इथे गोष्ट लांबवून तुमचा जीव टांगायची माझी फार इच्छा आहे. स्वभावच तो. पण तुमच्याही घरी म्हातारे आहेत, तेव्हा पुढचं आधीच सांगून टाकते. त्यानंतर एक्स-रे काढला, त्यात डोळ्याच्या मागच्या भागात पांढरा ठिपका दिसला, राईच्या दाण्याहून लहान. नेत्रतज्ज्ञांनी दिवा घालून सगळं पाहिलं, कण होता तिथेच रुतून बसला होता. पण बाबांना एमआरआय कायमचा बंद. यकृताचं पुढे सीटीवर निघालं, तो डाग म्हणजे रक्तवाहिन्यांची एक निरुपद्रवी गुंतवळ होती, तिला हात लावायचीही गरज नव्हती. आणि मी जो काही रेणू कधीकाळी बनवीन, तो जबलपुरातल्या कोणाच्याही शिरेत गेला तरी माझ्या बापाच्या जाणार नाही. याचं मला वाईट वाटायला हवं. अजून वाटलेलं नाही. केंद्रात आता दीदी कारखान्यातल्या निवृत्त माणसांना तो प्रश्न विचारतच नाही. त्यांच्या बायकांना विचारते. सिहोऱ्याच्या आजींना मात्र त्या दिवशी आमच्यामुळे आणखी तासभर उपाशी राहावं लागलं, त्याबद्दल त्यांनी मला जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा फक्त एक मिटलेली पापणी होती, आणि तिच्याखाली बुबुळ हलताना दिसत होतं. आई पायाशी उभी होती, ओंजळ तशीच पुढे धरून. तिच्यात माझ्या पिना एकमेकींवर वाजत होत्या. बाकावरचं कुटुंब उठून उभं राहिलं होतं. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "मैडम."

"बाबा," मी म्हणाले. "उघडा."

काही झालं नाही.

"बाबा, उघडा ना."

काहीच नाही. मी वाकले, तोंड त्यांच्या कानाशी नेलं. "बाबा, ऐकू येतंय का? शपथ सुटली. डोळा उघडा. मी समोर आहे. मी दिसते का ते सांगा."

पापणी थरथरली. आधी नुसती फट पडली. मग डोळा उघडला, ओला, लालसर. तो छताकडे लागला होता. छतावरून तो हळूहळू सरकत माझ्याकडे आला, माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरला, आणि तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. भुवया जवळ आल्या. आई मागून पुटपुटली, "अहो, बोला ना काहीतरी."

आणि बाबा, सगळ्या केंद्राला ऐकू जाईल अशा आवाजात, बोलले:

"अगं, गाऊन उलटा घालून राहिली तू! काखेतली शिलाई पण उसवून राहिली, इथून दिसते!"